जेवणानंतर पोट फुगतं म्हणजे ‘एन्झाइम संपले’?

मेडिकलवाला, चोपडा
परवा इथे एकाने लिहिलं: ‘चाळिशीनंतर शरीरातले एन्झाइम संपतात, म्हणून जेवल्यावर पोट फुगतं. दोन्ही जेवणांनंतर दोन चमचे एन्झाइमचं सिरप घ्या, आयुष्यभर घेतलं तरी अपाय नाही.’ खाली धन्यवादांची रांग लागली आहे. दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

चाळिशीला एन्झाइम संपत नाहीत. स्वादुपिंडाकडे एवढा राखीव साठा असतो, की त्याचं जवळजवळ ९० टक्के काम बंद पडल्यावरच चरबी नीट पचेनाशी होते. आपलं पोट फुगतं ते वेगळ्या कारणाने. कळण्याच्या भाकरीत उडीद, वरणात तूर. या डाळींत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. विशीतही नव्हतं. मग त्या साखरा तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जंतू त्या आंबवतात, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, काहींच्या पोटात मिथेनही. गुबारा धरतो तो इथे.

आणि सिरपात काय असतं? बहुतेक बाटल्यांत पेप्सिन आणि फंगल डायस्टेज. पेप्सिन प्रथिनं तोडतं, डायस्टेज पिठूळ पदार्थ. उडदाच्या त्या साखरेला दोघंही हात लावत नाहीत. त्यात पेप्सिनला जठरातलं कडक आम्ल लागतं आणि त्याच आम्लात डायस्टेज निकामी होत जातं. दुधाने फुगत असेल तर लॅक्टेजची गोळी, डाळीने फुगत असेल तर अल्फा-गॅलॅक्टोसिडेजची, तीही पहिल्या घासाबरोबर. सगळ्याला एकच बाटली चालत नाही.

शिरपूरकर
मग इतकी वर्षं हेच सिरप काउंटरवरून कोणी विकलं? माझी आई ५८ वर्षांची आहे. सात-आठ महिने झाले, दोन घास खाल्ले की पोट डब्ब होतं. दोन चमचे घेतले की ढेकर येतो, तिला मोकळं वाटतं. तिचं मोकळं वाटणं तुमच्या पुस्तकात बसत नाही म्हणून ते खोटं का?

मेडिकलवाला, चोपडा
विकलं, भाऊ. चिठ्ठी नसतानाही दिलं. ते चुकलं, आणि म्हणूनच लिहायला बसलो. आईंना बरं वाटतं ते मी खोटं म्हणत नाही. काही सिरपांत वेलची, दालचिनी, शहाजिऱ्याचं तेल असतं, ढेकर त्यानेही येतो. पण त्यासाठी एवढ्या किमतीची बाटली कशाला?

पपईवाला, शहादा
औषधाचं राहू द्या. जेवणानंतर पिकल्या पपईच्या चार फोडी खा. पपेन आहे त्यात, तेच कारखान्यात काढून गोळीत भरतात. आमच्याकडे पपई आहे, पण भाव कुठे आहे? गेल्या हंगामात व्यापाऱ्याने शेतात येऊन दर ठरवला आणि तोडणीच्या दिवशी फिरकलाच नाही. फळं झाडावर पिकून खाली पडली. त्याआधीच्या वर्षी अर्धा बाग रिंगस्पॉटच्या विषाणूने गेला. लोक महिन्याला हजाराची गोळी घेतील, पण रस्त्यावर पपईवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतील.

मेडिकलवाला, चोपडा
आप्पा, भावाचं तुमचं दुखणं खरं आहे. पण पपेन कच्च्या पपईच्या चिकात असतं, फळ पिकलं की ते फारच कमी उरतं. आणि तेही प्रथिनंच तोडतं. पपई जरूर खावी, पोट साफ राहतं. उडदाच्या वायूवर तिचा इलाज नाही.

यावलकर काकू
कळण्याला नावं ठेवण्याआधी विचार करा. थंडीत तुराट्या-पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन आमच्या चार पिढ्या शेतात राबल्या. त्यांनी कोणती गोळी घेतली? पोट फुगतं ते तुमच्या बट्टीने. हल्ली आचारी बट्टीच्या पिठात मूठभर सोडा टाकतात. लग्नाच्या पंगतीतून उठलं की माणसाला घरापर्यंत चालवत नाही. बट्टी उंडे करून आधी उकडायची, फोडी करायच्या, मग तळायची. सोड्याची गरजच पडत नाही.

साक्रीचा मास्तर
काकू, उकडून तळली ती बट्टी कसली! आमना घरमा बट्टी गोवऱ्यास्वरच व्हस. निखाऱ्यात भाजायची, फडक्यात घेऊन फोडायची, वरून तूप. तळलेली फोड तेल पिऊन बसते आणि चरबीने जठर उशिरा रिकामं होतं. पोट जड होण्याचं कारण तिथे आहे.

यावलकर काकू
आणि तुम्ही फोडलेल्या बट्टीवर वाटीभर तूप ओतता ती चरबी नव्हे का? शिवाय गोवरीवरची बट्टी मधे कच्ची राहते. माझ्या सासूबाईंनी धोंड्याच्या महिन्यात जावयांना एकदा तशी वाढली, आतून पीठ निघालं. त्यानंतर आमच्या घरी गोवरी पेटली नाही.

साक्रीचा मास्तर
कच्ची राहते ती घाई करणाऱ्याची. निखारे राखेने झाकून, उलटवत पाऊण तास धीर धरावा लागतो. गॅसवर सवय झालेल्यांना ते जमत नाही.

यावलकर काकू
साठ वर्षं चुलीपुढे काढली आहेत मास्तर. मला धीर शिकवू नका.

भुसावळ ते पुणे
दोन्ही बट्ट्या सारख्याच जड. मी इकडे आल्यावर वरण-बट्टी, ठेचा, शेवभाजी सगळं सोडलं. सकाळी ओट्स, रात्री सूप. सहा वर्षांत पोट फुगलं नाही. आपलं जेवणच मुळात उष्ण आणि तेलकट आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?

साक्रीचा मास्तर
हरकत आहे. सुट्टीत गावी आलात की आईच्या हातची शेवभाजी मागून खाता आणि तिकडे जाऊन तिलाच आजार म्हणता. तुम्ही पाच बट्ट्या खाऊन आडवे होत होता, आता एक वाटी सूप पिऊन चालायला जाता. फरक बट्टीचा की पाचाचा?

भुसावळ ते पुणे
आईला मधे आणायचं कारण नव्हतं. पाच खायचो, हे खरं आहे.

मेडिकलवाला, चोपडा
सोड्याचा वायू भाजताना-तळताना निघून जातो, पोटात त्याने फारसं काही होत नाही. काकूंच्या आचाऱ्याचा तेवढा दोष कमी करा. गव्हात, कांद्यात, लसणात फ्रुक्टन असतं. तेही माणसाला पचत नाही आणि तेही आतड्यात आंबतं. म्हणजे गोवरीवरची असो की उकडलेली, संवेदनशील पोटाला बट्टी फुगवणारच. पण जुन्या बायकांचं एक बरोबर आहे: त्या डाळ भिजवून ते पाणी फेकतात. त्या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून वायू कमी होतो.

नंदुरबारहून
तुमचं एन्झाइमवरचं बोलणं मला लागलं, म्हणून सांगतो. माझ्या वडिलांना गोळीनेच वाचवलं. वर्षभरात १४ किलो वजन उतरलं. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारं, फ्लश करूनही न जाणारं. गावात सगळे म्हणाले, दारू सोडलीय त्यामुळे होतंय. शेवटी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी मलातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं एन्झाइम, तपासलं, सीटी केलं, स्वादुपिंडात खडे होते. आता प्रत्येक जेवणाबरोबर पॅन्क्रिएटिनची, म्हणजे स्वादुपिंडाच्या एन्झाइमची, कॅप्सूल. तिच्यावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं, नाहीतर चरबी तोडणारं लायपेज जठरातच मरतं. तीन महिन्यांत नऊ किलो परत आले. तुमचं वाचून कोणी ती कॅप्सूल बंद केली तर?

मेडिकलवाला, चोपडा
ती बंद करायची नाही. सुरुवातीच्या लिखाणात मी स्वादुपिंड एका ओळीत उरकलं, ती माझी चूक. तुमच्या वडिलांना आजार होता, तपासणी झाली, लायपेजची युनिट मोजून मात्रा ठरली. माझा राग आहे तो तपासणीशिवाय सगळ्यांना वाटल्या जाणाऱ्या बाटलीवर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अमायलेजपासून पपेनपर्यंत डझनाहून जास्त एन्झाइम एकत्र कोंबलेलं एक मिश्रण होतं. ते माझ्याही फळीवर होतं.

शिरपूरकर
म्हणजे एकाची गोळी खरी आणि माझ्या आईचं सिरप खोटं. निवाडा तुम्हीच करणार.

माहेर पाचोरा
शिरपूरचे दादा, तुमचं पहिलं उत्तर तीनदा वाचलं. बट्टीच्या भांडणात ते वाहून गेलं, म्हणून लिहिते. माझ्या आईचंही अगदी असंच. वय ६१. दोन घासांत पोट भरायचं, परकराची नाडी घट्ट व्हायची, लघवीला सारखं जावं लागायचं. आम्ही सगळे ‘गॅस’ म्हणालो. ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, आठ महिने सिरप दिलं. ती ढेकर द्यायची आणि आम्हाला समाधान वाटायचं. सोनोग्राफी केली तेव्हा पोटात पाणी होतं. अंडाशयाचा कर्करोग, तिसरा टप्पा. ऑपरेशन, केमो सगळं केलं. दीड वर्ष मिळालं.

पाळी गेलेल्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं आणि महिना होऊनही उतरत नसेल, तर ते डाळीचं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकींचं साधंच निघतं. पण बघायला हवं. मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

यावलकर काकू
बाई गं.

शिरपूरकर
आईला आत्ता विचारलं. लघवीचं म्हणाली, हो. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. सिरप लगेच बंद करणार नाही, तिला बरं वाटतंय तोवर देईन, मेडिकलवाले काहीही म्हणोत. पण सोमवारी सोनोग्राफी करून घेतो.

मेडिकलवाला, चोपडा
द्या. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्या रक्ताची तपासणीही सांगतील.

माहेर पाचोरा
ओटीपोटाचीही सोनोग्राफी हवी, असं स्पष्ट सांगा. त्याआधी भरपूर पाणी प्यायला लावतात आणि लघवी रोखून बसावं लागतं. तिला ते जड जाईल, म्हणून नंबर आधी लावून ठेवा. आणि आत कोणीतरी बाईमाणूस सोबत असू द्या.