मदत हवी आहे : केसमधून काढलेली ३ टीबी हार्ड डिस्क दुसऱ्या अडॅप्टरवर रिकामी दिसतेय

एक्स्टर्नल डिस्कच्या केसमधला यूएसबी बोर्ड गेला, म्हणून आतली ३.५ इंची डिस्क काढून साध्या साटा-यूएसबी अडॅप्टरला (डिस्कचं साटा कनेक्शन यूएसबीत बदलणारा जोड) जोडली. डिस्क फिरते, आवाज नेहमीचाच, क्षमताही बरोबर दिसते. पण विंडोज म्हणतं, फॉरमॅट करा. अर्थातच केलेलं नाही.

केबल, पोर्ट, लॅपटॉप बदलून झालं. अडॅप्टरला १२ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा पुरवठा आहे. डेस्कटॉपला थेट साटावर लावली तरी तेच. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी) रिअलोकेटेड आणि पेंडिंग, म्हणजे खराब आणि संशयास्पद सेक्टरचे आकडे, दोन्ही शून्य.

मग लिनक्सवर हेक्स एडिटर (डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) केवळ वाचण्यापुरता उघडला. पार्टिशन टेबलमध्ये (डिस्कचा कोणता भाग कुठे सुरू होतो याची नोंद) सुरुवात सेक्टर २५६ अशी आहे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत छोटा कप्पा), पण 'एनटीएफएस' ही विंडोजच्या फाइल सिस्टीमच्या नावाची अक्षरं सापडली सेक्टर २०४८ वर. २५६ × ४०९६ आणि २०४८ × ५१२, दोन्ही १०४८५७६ बाइट! म्हणजे जुना बोर्ड ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवत होता आणि आता ५१२ चे दिसताहेत, असा माझा अंदाज. अक्षरं सरळ वाचता आली, त्यामुळे एन्क्रिप्शनची भीती मात्र गेली.

डेटा १.४ टीबी आहे. रिकामी डिस्क २ टीबीचीच, त्यामुळे पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) घेता येत नाही. तसाच बोर्ड बाजारात मिळाला नाही.

लिनक्समध्ये ४०९६ बाइटच्या सेक्टरचं रीड-ओन्ली लूप डिव्हाइस (त्याच डिस्कवर बसवलेली, फक्त वाचता येणारी आभासी डिस्क) करून पार्टिशन माउंट केलं, म्हणजे फाइली दिसतील असं जोडलं, तर मूळ डिस्कवर काहीही न लिहिता फाइली कॉपी होतील का? कुणी प्रत्यक्ष केलंय का हे?