विश्वामित्रीच्या मगरी ब्लॉकचेनवर: खेळातले नेमके काय साखळीवर ठेवावे?

विश्वामित्रीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा एक मित्र बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवर एक खेळ तयार करीत आहोत. खेळाडूने मगरी जमवायच्या, जोडीपासून पिल्ले मिळवायची आणि वाटल्यास ती दुसऱ्याला द्यायची किंवा विकायची, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. मित्र इथल्या फाइन आर्ट्समध्ये शिकतो. त्याने पाठीचे खवले, शेपटीचे कंगोरे, जबड्याची ठेवण, डोळ्यांचा रंग असे सुटे भाग काढले असून ते एकमेकांवर ठेवले की नवी मगर तयार होते. उद्या आम्ही सर्व्हर बंद केला तरी ज्याची मगर त्याच्याकडेच राहावी, एवढ्यासाठीच आम्हाला ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर मिळून जपलेली, कोणा एकाला न बदलता येणारी नोंदींची साखळी) हवे आहे. चित्रे, जनुके, लढती, बाजार असे सगळेच साखळीवर नेले तर गॅसचा (साखळीवरच्या प्रत्येक व्यवहाराला पडणाऱ्या शुल्काचा) खर्च झेपणार नाही, आणि फारच थोडे नेले तर खेळाला विकेंद्रित म्हणण्यात अर्थ उरणार नाही. मग रेघ कुठे ओढावी? शिवाय पिल्लाचे गुण ठरवताना तूर्त आम्ही चालू व्यवहारातच मागच्या ब्लॉकचा (साखळीतल्या नोंदींच्या एका गठ्ठ्याचा) हॅश, म्हणजे त्या गठ्ठ्यावरून निघणारा आकडा, वापरतो. ते पुरेसे आहे का?

दांडियाबाजारकर

आपला हेतू आपणच स्पष्ट सांगितला आहे, तेव्हा रेघही त्यावरूनच ओढावी. सर्व्हर बंद पडल्यावर जे टिकायला हवे, तेवढेच साखळीवर ठेवावे: मालकी, जनुके, आईबाप आणि पिल्लू जन्माला घालण्याचा नियम. लढती, गुणतक्ता, गप्पांची खोली हे सारे साध्या सर्व्हरवर असले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

या प्रकारातला पहिला गाजलेला खेळ म्हणजे क्रिप्टोकिटीज. तो नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर आला आणि डिसेंबरात मांजरांच्या व्यवहारांनी सारे जाळे तुंबले. त्यातल्या प्रत्येक मांजराची जनुके २५६ बिटांच्या एकाच आकड्यात बसवलेली आहेत: बारा गुण, प्रत्येक गुणाची चार जनुके (एक प्रकट, तीन सुप्त) आणि प्रत्येक जनुकाला पाच बिट, म्हणजे एकूण २४० बिट. आपल्या मित्राचे सुटे भाग अशा मांडणीत चपखल बसतील. चित्र साखळीवर न ठेवताही आकड्यावरून ते कोणालाही पुन्हा जुळवता येईल. मात्र सुटे भाग आणि ते जुळवण्याची रीत आयपीएफएसवर (अनेकांच्या संगणकांवर फायली ठेवण्याच्या जाळ्यावर) ठेवून त्यांचा पत्ता कॉन्ट्रॅक्टमध्ये (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) कायमचा नोंदवा, आणि त्या फायली स्वतःखेरीज आणखी दोन-तीन जणांकडे पिन करून (जपून) ठेवा, कारण कोणीच जपल्या नाहीत तर आयपीएफएसवरूनही फायली नाहीशा होतात. मालकीसाठी ईआरसी-७२१ हे एकमेवाद्वितीय वस्तूंच्या टोकनांचे मानक घ्यावे. या मानकाचा प्रस्ताव जानेवारी २०१८ मध्ये आला आणि त्याच्या लेखकांत क्रिप्टोकिटीजचे डीटर शर्ली होते.

त्या खेळाची एक गोष्ट मात्र उचलू नये, असे माझे मत आहे. जनुके मिसळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा मूळ कोड त्यांनी गुप्त ठेवला होता, आणि हौशी मंडळींनी बाइटकोड (साखळीवर दिसणारे त्याचे यांत्रिक रूप) उलगडून तो शोधून काढलाच. साखळीवर गुपित टिकत नाही, हे धरूनच नियम आखावेत.

मांडवीचा_गणिती

ब्लॉकहॅश चालू व्यवहारातच वापरता, हे वाचून थांबलो. कोणीही स्वतःचे छोटे कॉन्ट्रॅक्ट लिहून त्यातून आपल्या प्रजननाच्या फंक्शनला हाक मारील, पिल्लू मनासारखे निघाले नाही तर सारा व्यवहार उलटवील आणि पुढच्या ब्लॉकला पुन्हा प्रयत्न करील. त्याला खर्च पडेल तो केवळ गॅसचा.

यावरचा उपाय मगरीकडेच आहे. मगर अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी ती उबतात; पिल्लू नर की मादी हेसुद्धा मधल्या काळातल्या घरट्याच्या तापमानावर ठरते. खेळातही हेच दोन टप्पे ठेवा. पहिल्या व्यवहारात अंडे घालायचे आणि पुढचा एक ठरावीक ब्लॉक नोंदवायचा. तो ब्लॉक होऊन गेल्यावर दुसऱ्या व्यवहारात त्याच्या हॅशवरून पिल्लू बाहेर काढायचे. इथे एक खाच आहे. कॉन्ट्रॅक्टला ब्लॉकहॅश हा आदेश केवळ शेवटच्या २५६ ब्लॉकांचेच हॅश देतो. त्यामागचा मागितला तर शून्य मिळते. इथेरियमवर दर १२ सेकंदांना एक ब्लॉक धरला तर ही मुदत सुमारे ५१ मिनिटांची होते. हॅश दिसल्यावर पिल्लू सामान्य निघणार हे कळलेला खेळाडू मुदत मुद्दाम टाळू शकतो. म्हणून अंडे उघडण्याची मुभा कोणालाही द्या, उघडणाऱ्याला थोडे शुल्क मिळू द्या (क्रिप्टोकिटीजमध्ये तसेच होते), आणि मुदत उलटलेल्या अंड्यातून सर्वांत साधी मगर निघेल असा नियम करा, म्हणजे थांबण्यात लाभ उरणार नाही. दुर्मीळ मगरीला मोठी किंमत येऊ लागली तर चेनलिंकच्या व्हीआरएफकडे (पडताळून पाहता येणारे यादृच्छिक आकडे देणाऱ्या सेवेकडे) वळावे. विशेषतः दुसऱ्या थरावरच्या (इथेरियमवर बेतलेल्या, स्वस्त) साखळीत, कारण तिथे ब्लॉक रचणारा सीक्वेन्सर सहसा एकाच संस्थेच्या हाती असतो.

हिशेबनीस_बडोदे

तांत्रिक बाजूत मी पडत नाही, परंतु ‘विकायची’ हा शब्द वाचून लिहितो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा मिळत नाही आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएसही लागू झाला. त्याहून जपण्याची गोष्ट म्हणजे लढती. पैसे किंवा पैशांत बदलता येणारी टोकने लावून, जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायचा ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने निषिद्ध ठरला आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. लढतीत पणाला काहीही लावू देऊ नका आणि बाजार उघडण्याआधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

विश्वामित्रीकाठ

सर्वांचे आभार. लढती सर्व्हरवरच आणि पैजेविना राहतील. अंड्याचे दोन टप्पे आम्ही सेपोलिया टेस्टनेटवर (इथेरियमच्या चाचणीच्या साखळीवर) लिहायला घेतो. एकच शंका उरते: कॉन्ट्रॅक्टमध्ये चूक सापडल्यास ती दुरुस्त करता यावी म्हणून ते बदलता येण्याजोगे ठेवावे का?

दांडियाबाजारकर

बदलण्याची किल्ली (अधिकार देणारा गुप्त आकडा) आपल्या हाती असेपर्यंत मगर खेळाडूची आहे असे म्हणता येणार नाही, कारण आपण नियम बदलून ती काढून घेऊ शकता. आणि किल्ल्या चोरीला जातात: मार्च २०२२ मध्ये अॅक्सी इन्फिनिटी या खेळाच्या रोनिन साखळीवरचे व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊपैकी पाच किल्ल्या मिळवून चोरांनी १,७३,६०० इथर (इथेरियमचे चलन) पळवले. मालकीचे कॉन्ट्रॅक्ट छोटे, ओपनझेपेलिनच्या (तयार कॉन्ट्रॅक्टांच्या खुल्या संग्रहाच्या) तपासलेल्या कोडवर बेतलेले आणि न बदलणारे ठेवा. प्रजननाचा नियम वेगळ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवून तो सुरुवातीचे काही महिने बदलता येईल, बदल आठवडाभर आधी जाहीर होईल आणि ठरलेल्या तारखेला ती किल्ली कायमची टाकून दिली जाईल, अशी तरतूद कोडमध्येच करा. ती तारीख पहिल्या मगरीच्या आधी जाहीर करावी.