आज्जीच्या पेटीतले चांदीचे रुपये, मोगली की मराठ्यांचे?

रंकाळा_कट्टा
नमस्कार मंडळी, आज्जीच्या पेटीत चांदीचे सात जाड रुपये सापडलेत, एकपण नीट गोल नाही, कडा वाकड्या, दोन्ही बाजूला उर्दू अक्षरं आणि तीपण निम्मी कापल्यासारखी. दोनांना कडी जोडलीय, म्हणजे माळेत असणार. गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ गल्लीत) एका दुकानात दाखवले तर म्हणाले मोगली आहेत, चांदीच्या भावात द्या, आटवायला जातील. मला ते अजिबात पटलं नाही. आज्जीचं माहेर वाईचं, ती कायम म्हणायची हा पेशवाईतला पैसा. मग वर उर्दू कशी काय?

टांकसाळ
भावा आधी आटवू नकोस, हात जोडून सांगतो. ती उर्दू नव्हे, फारसी. आणि बादशहाचं नाव आहे म्हणून नाणं मोगली असं ठरत नाही, इथंच सगळे फसतात. १८व्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळीतसुद्धा चांदीच्या रुपयावर मुहम्मद शाह नाहीतर शाह आलम यांचंच नाव असायचं, कारण बाजाराचा विश्वास त्या छापावर, दुसरं कायतर छापलं तर सराफ बट्टा कापणार, म्हणजे किंमत कमी धरणार (नावाला बट्टा लागला म्हणतो ना, तोच बट्टा). शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होन आणि तांब्याच्या शिवराईवर 'श्री राजा शिव', 'छत्रपति' देवनागरीत आहे, ते बघून आपल्याला वाटतं पुढं सगळं तसंच असणार, पण रुपयाचं तसं झालं नाही.

एका बाजूला 'सिक्का मुबारक बादशाह गाझी' आणि नाव बघ, दुसरीकडं 'जुलूस' म्हणजे बादशहा गादीवर आल्यापासूनचं वर्ष, आणि 'जर्ब' म्हणजे ठोकला, त्याच्यापुढं टांकसाळीचं गाव. पण गाव बऱ्याचदा उमटतच नाही. ठसा मोठा, चांदीची चकती लहान, खालच्या ठशावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरून घण घालायचा, जेवढं चकतीवर आलं तेवढं आलं. म्हणून गावापेक्षा खूण शोध. अंकुश (माहुताचा, हत्ती हाकायचा) दिसला तर अंकुशी रुपया, पेशव्यांच्या पुण्याकडचा.

चांदीवाला_हुपरी
आमचं घर चांदीच्या धंद्यातलं, त्यामुळं एवढंच सांगतो, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट कायबी लावू नका, काळा थर हाय तसा राहू दे, कडीपण काढू नका. वजन करा, ११ ग्रॅमच्या जरा पुढंमागं भरायला पाहिजे. बारीक फुलं-टिंबं ठोकलेली दिसली तर घाबरू नका, सराफ चांदी तपासून ते ठसे मारायचे. मात्र एकदम गोल आणि काठ उचललेला असेल तर मशीनवरचा, ईस्ट इंडिया कंपनीनंपण शाह आलमच्याच नावानं रुपये पाडले होते. १८३५ पासून इंग्लंडच्या विल्यम राजाचं डोकं आलं.

टांकसाळ
बरोबर. आणि फोटो काढताना उजेड तिरपा घे, समोरनं फ्लॅश मारला तर अक्षरं बुजतात.

रंकाळा_कट्टा
सकाळच्या उन्हात तिरपे धरून बघितले, तिघांवर अंकुश स्पष्ट दिसतोय!! बिनकडीच्या एकाचं वजन ११.२ भरलं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ हातात धरून बसली, मग परत आज्जीच्याच फडक्यात बांधून ठेवले. बाकीच्या चौघांचे फोटो रात्री टाकतो.