मदत हवी आहे: लिस्बन ते माद्रिद विमानाला नेमका किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन धाकट्या भावाकडे लिस्बनला जातोय. मधे तीन-चार दिवस माद्रिद उरकायचा बेत आहे. तिकिटं बघायला बसलो आणि चक्रावलो. जातानाचं विमान ९ ला सुटून ११.२० ला पोचतं, येतानाचं ४ ला सुटून ४.२० ला! अंतराचंही तेच. एकीकडे ५०० किमी लिहिलंय, नकाशा सव्वासहाशे सांगतो.

बाबा म्हणतात, एवढ्याशा अंतराला विमान कशाला, रात्रीच्या रेल्वेने जाऊ, हॉटेलची एक रात्र वाचेल. अशी गाडी आहे का? व्हिसा पोर्तुगालचा आहे, तो स्पेनला चालेल ना? आणि माद्रिदहून परतल्यावर त्याच रात्री मुंबईसाठी निघायचंय, मधे किती वेळ सोडू?

प्रतिसाद १

तिकिटावर त्या त्या गावचं घड्याळ असतं. माद्रिद लिस्बनच्या एक तास पुढे, उन्हाळा असो वा हिवाळा. म्हणजे दोन्हीकडून प्रवास १ तास २० मिनिटांचाच. त्यातही प्रत्यक्ष हवेत तासभर, बाकी धावपट्टीपर्यंत रांगणं. पश्चिमेच्या वाऱ्यामुळे जाताना चार-दोन मिनिटं वाचतात, इतकंच.

गंमत म्हणजे माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे. स्पेनने १९४० मध्ये घड्याळं तासभर पुढे केली ती परत मागे घेतलीच नाहीत. म्हणून तिथे जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड.

५०० हे हवाई अंतर, सव्वासहाशे रस्त्याचं. दोन्ही बरोबर.

प्रतिसाद २

काकांना सांगा, रात्रीची गाडी होती, पण २०२० च्या मार्चमध्ये बंद पडली ती पडलीच. आता लिस्बनहून निघून आधी पोर्तुगालमधल्या एन्त्रोंकामेंतोला आणि पुढे स्पेनच्या सीमेवरच्या बादाखोसला गाडी बदलत जावं लागतं, अख्खा दिवस मोडतो. दोन्ही देशांच्या जुन्या, पारंपरिक रुळांचा गेज एकच (१६६८ मिमी, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम ८ मिमी कमी), तरी दोन राजधान्यांमध्ये थेट गाडी नाही! रात्रीची बस आहे, आठेक तास घेते. ज्येष्ठांना घेऊन मी तरी जाणार नाही.

प्रतिसाद ३

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) असेल तर स्पेनला चालतो, फक्त मुक्काम व्हिसावरच्या दिवसांत बसवा. माद्रिदचा बेत अर्जातच दाखवलेला बरा. वाटेत शिक्के नाहीत, पण पासपोर्ट जवळ हवाच.

वेळ धरताना १ तास २० मिनिटं विसरा, घर ते हॉटेल पाच तास धरा. लिस्बनचा विमानतळ गावातच आहे, मेट्रोची लाल लाइन थेट जाते. स्वस्त कंपन्यांची विमानं मात्र बहुतेक टर्मिनल २ वरून सुटतात, तिथे टर्मिनल १ वरून फुकटची बस घ्यावी लागते. माद्रिदला टी४ बाकीच्या टर्मिनल्सपासून लांब आहे, तेव्हा टर्मिनल आधी बघून ठेवा.

परतीचं म्हणाल तर दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर त्याच दिवशीचा खेळ करू नका. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. आदल्या दिवशी भावाकडे या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. परतीचं आदल्या दिवशीचं बघतो. आईचे गुडघे दुखतात, व्हीलचेअरला वेगळे पैसे पडतात का?

प्रतिसाद ३

नाही, युरोपीय संघात ती मदत मोफत असते. निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. दोन्ही फेऱ्या एकाच कंपनीकडे असतील तर एकदा कळवणं पुरे, नाहीतर वेगवेगळं.