चंद्रावर ऊन आहे, पण रात्रीचं काय?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "चंद्रावर ना ढग, ना पाऊस. पॅनेल लावले की वस्तीला कायमची लाईट." वाचून डोकं उठलं. तिथली रात्र आपल्या जवळपास १४ दिवसांची असते. चांद्रयान-३ चे विक्रम-प्रज्ञान २३ ऑगस्ट २०२३ ला उतरले. अंधाराआधी प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरून, पॅनेल उगवतीकडं करून झोपवलं. पुन्हा उजाडलं, पण दोघंही उठले नाहीत. तिथं माणसं असती तर?

चिकोडीचा सतीश: दादा, वस्ती दक्षिण ध्रुवाजवळ करायची म्हणतात. शॅकल्टन विवराच्या काठावर काही जागी वर्षातला बहुतेक काळ ऊन असतं. सूर्य क्षितिजालगत फिरतो, म्हणून पॅनेल उभे, फिरत्या खांबावर लावायचे. हे न वाचताच तुम्ही लिहिता.

खानापूरकर: बहुतेक म्हणजे सगळा काळ नव्हे. आणि धूळ? माझ्या घराजवळ वीटभट्टी आहे. पेटली की चार दिवसांत पॅनेलवर बोटानं नाव लिहिता येतं. मी पाण्यानं धुतो. चंद्राची धूळ काचेच्या कणांसारखी धारदार, वर विद्युतभारानं चिकटणारी. अपोलोवाल्यांचे पोशाख तिनं झिजवले.

निपाणीची सुनंदा: धुवायला पाणी चढवायचं तर मोटारीला थ्री फेज पाहिजे की! आमच्याकडं ती रात्री येते. माझे वडील ऊस पाजायला बॅटरी घेऊन जायचे, बांधावर नाग आडवा आला. तेव्हापासून मी झोपत नाही. आधी आमच्या रात्रीचं बघा.

चिकोडीचा सतीश: ताई, विषय चंद्राचा आहे.

निपाणीची सुनंदा: सोलर पंपाचा अर्ज नुसता कन्नडमध्ये. तीन हेलपाटे घातले, कुणी वाचून दाखवला नाही. तुम्ही शहरात बसून मला विषय शिकवू नका!

चिकोडीचा सतीश: मीही शेतकऱ्याचाच पोरगा आहे. अर्ज मराठीतही पाहिजे, यात वाद नाही. पण म्हणून चंद्राचं काम थांबवायचं?

खानापूरकर: थांबवा कोण म्हणालं? नुसत्या पॅनेलवर माणसं ठेवू नका, एवढंच. अपोलो १२ नं ठेवलेली उपकरणं प्लुटोनियमच्या उष्णतेवर कित्येक वर्षं चालली. नासानं ४० किलोवॅटच्या अणुभट्टीचे आराखडे उगाच मागवले नाहीत.

चिकोडीचा सतीश: बरं, रात्रीपुरती भट्टी मान्य. दिवसा पॅनेलच.

खानापूरकर: काठावरचे, उभे. तेवढं मीही मानतो.

निपाणीची सुनंदा: सतीश, तो अर्ज उद्या पाठवते. भरून दे.