मदत हवी आहे: रत्नागिरीत सुट्टीचा शेवटचा दिवस, गाडी रात्री, बॅगा आणि आम्ही दोघं

मनमौजी
मंडळी, मोबाइलवरून लिहितोय, चुका पोटात घाला. दिवाळीची सुट्टी संपत आली, उद्या रत्नागिरीतून परत. गाडी रात्री आहे आणि लॉजवाला सकाळी दहाला खोली रिकामी करा म्हणतो. तेव्हापासून गाडीपर्यंत काय करायचं? निवांत काहीतरी सांगा. आतापर्यंत नुसती पळापळ झाली आहे. बायकोने बजावलंय, उद्या ठिकाणांची यादी काढलीस तर मी सरळ स्टेशनवर जाऊन बसेन. आणि बॅगा कुठे ठेवतात लोक? लवकर सांगा, इथे नेट येतंय-जातंय.

सह्यभ्रमर
सोप्पं आहे. सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, वाटेत दोन्ही किनारे वरून बघा, कोकणातला सगळ्यात देखणा रस्ता. दुपारी परत येऊन रत्नदुर्ग, मग थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे तो, संध्याकाळी मांडवी. वेळ उरला तर पावस. आरामात होतं, मी केलंय.

मावशीबोध
@सह्यभ्रमर, अहो त्यांनी निवांत म्हटलंय ना! ही यादी वाचूनच माझे पाय दुखले.
मनमौजी, स्वतःची गाडी आहे की रिक्षा? वय काय दोघांचं? उतरलात कुठे?

रुळावरचा
"गाडी रात्री" म्हणजे कोणती? कोकणकन्या की तुतारी? पावसाळी वेळापत्रक सुरू असताना आणि संपल्यावर वेळा वेगळ्या असतात, काही संकेतस्थळांवर अजून जुन्याच वेळा दिसतात. शिवाय कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे, क्रॉसिंगला थांबली की थांबली. 2022 मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं, वेग वाढला म्हणतात, पण घाटात डिझेल इंजिनाचा जो आवाज घुमायचा तो गेला तो गेलाच.

मनमौजी
कोकणकन्या. गाडी म्हणजे रेल्वेच, स्वतःची नाही, रिक्षानेच फिरणार. उतरलोय मांडवीजवळ. आणि गणपतीपुळे कृपया नको, तिथूनच आज आलोय. बॅगांचं कुणीच सांगितलं नाही.

गुहागरकर
मग गुहागर! समुद्रकिनारा असावा तर असा. जेटीवरून तवसाळला उतरलात की पुढे

मावशीबोध
@गुहागरकर, बॅगा घेऊन? रिक्षाने? रात्रीची गाडी असताना?

काजळीकाठ
मी रत्नागिरीचाच, म्हणून लिहितो. बॅगा लॉजवाल्याकडेच ठेवा. काउंटरमागे ठेवायला बहुतेक कुणी नाही म्हणत नाही, आज रात्रीच विचारून ठेवा. स्टेशन गावापासून लांब आहे, कुवारबावच्या बाजूला. तिथल्या क्लोकरूमसाठी तिकीट लागतं, बॅगेला कुलूप लागतं, आणि नुसतं ठेवून परत यायचं म्हणजे सकाळ त्यातच गेली. उलट रात्री लॉजवरून बॅगा उचलायच्या आणि तशाच स्टेशनला. तीच रिक्षा दिवसाच सांगून ठेवा, दिवाळीत उशिरा मिळेलच असं नाही.
एक विचारायचं राहिलं. उद्या सोमवार आहे हे लक्षात आहे ना? थिबा राजवाड्यात सरकारी संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद.

इतिहासवेडा
बंद असला तरी बाहेरून बघाच. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं, 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत, राजवाडा बांधून झाला तो 1910 मध्ये. म्हणजे आयुष्य भाड्याच्या घरांत गेलं आणि राजवाडा मिळाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं उरली होती. 1916 मध्ये इथेच गेला. समाधीही गावातच आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष मुद्दाम दर्शनाला आले होते, आणि आपले लोक समोरच्या रस्त्याने मासळी घेऊन घरी जातात.

सह्यभ्रमर
बंद इमारत बाहेरून बघण्यापेक्षा रत्नदुर्ग शंभर पटीने बरा. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र, वर दीपगृह, आत भगवतीचं देऊळ. रिक्षा पायथ्यापर्यंत जाते, पुढे थोड्या पायऱ्या. संध्याकाळी तिथेच जा, वाद नाही.

मनमौजी
पायऱ्या नकोत. हिचा गुडघा दुखतो, म्हणून तर निवांत म्हटलं.

मावशीबोध
हे आधी सांगायचं की नाही!! मी मघापासून वय विचारतेय. गुडघ्याला शेकायची पिशवी आहे का बरोबर? रात्रभर गाडीत पाय लोंबकळत ठेवू देऊ नका, लोअर बर्थ आहे ना? माझ्या नणंदेचं

जागाजमीन
रत्नागिरीला आलाच आहात तर एक सकाळ काढून परिसरातल्या जागा बघून घ्या. निवृत्तीनंतर कोकणात घर म्हणजे स्वर्ग. फक्त सातबारा नीट तपासा, सामाईक हिस्से असतील तर सगळ्या हिस्सेदारांची संमती घ्या, आणि बिनशेती असल्याचं तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मनमौजी
जागा नको आहे. दहा ते रात्र नीट घालवायची आहे.

काजळीकाठ
मग माझं ऐका, दोनच गोष्टी करा. दहाला बॅगा ठेवून गावात पतितपावन मंदिर. 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांनी बांधलं, सावरकर इथे स्थानबद्ध असताना, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश म्हणून. रस्त्यालगतच आहे, सावलीत बसता येतं. मग दुपारी सावकाश जेवण. जेवणाची घाई केली नाहीत तर दोन-अडीच तास आरामात जातात. आणि उन्हं कलल्यावर रिक्षाने थिबा पॉइंट. चढायचं काही नाही, रिक्षा वरपर्यंत जाते. बाकावर बसायचं. खाली काजळी नदी समुद्राला मिळते ते मुख, भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या, समोर मावळणारा सूर्य. बास.

सह्यभ्रमर
वरून बघण्यात काय मजा? समुद्रावर पाय बुडवले नाहीत तर रत्नागिरीला गेलात कशाला! भाट्याला सुरूच्या बनात बसा, मग वाळूवर.

पंचांगपंडित
उद्या कार्तिक शुद्ध अष्टमी. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठची पाऊणपट सहा. म्हणजे उद्या ऐन सूर्यास्ताला पूर्ण भरती. वाळू मिळणार नाही, दगडांवर बसावं लागेल. दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, पण तेव्हा ऊन.

काजळीकाठ
पंडितजी, वेळ बरोबर, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. अष्टमीला भांग असतो, म्हणजे लहान भरती-ओहोटी, उधाण नव्हे. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जेवढं चढतं-उतरतं तेवढं उद्या नाही. मांडवीला वाळूची पट्टी तशीही अरुंद, तिथे अडचण होईल. भाट्याचा किनारा रुंद आहे, भांगाच्या भरतीला तिथे बसायला भरपूर जागा राहते. आमच्या घरी भरतीची वेळ बघून कपडे वाळत घालायचे ठरायचं नाही, पण होड्या काढायचं ठरायचं.

पंचांगपंडित
भांगाचं मान्य. पाऊणपटीचं तरी खरं ना?

काजळीकाठ
खरं. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं, एवढं लिहा, नाहीतर कुणी वद्य चतुर्थीला एकोणीसची पाऊणपट करत बसेल.

मनमौजी
भाट्याला वाळूपर्यंत जायला किती चालावं लागतं? गुडघ्यामुळे विचारतोय. मऊ वाळूत हिला त्रास होतो.

काजळीकाठ
रस्ता अगदी लागून आहे. रिक्षा थांबवून सुरूच्या सावलीतून पुढे गेलं की वाळू. वरची मऊ वाळू थोडीच, पाण्याजवळची घट्ट असते, तिथून चालणं गुडघ्याला बरं. पण भरतीला तीच पट्टी आखूड होते, म्हणून उद्या साडेचारच्या आतच चालून घ्या आणि सूर्यास्ताला वर थिबा पॉइंटला या. सूर्य साधारण सहाला जातो सध्या. पुलावरून वाटेत फार वेळ लागत नाही, फक्त रिक्षावाल्याला थांबायला सांगा, परत शोधायला लागू नये.

सह्यभ्रमर
म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच, पाय बुडवायचे.

मावशीबोध
तुम्ही आठ ठिकाणं म्हटली होतीत.

इतिहासवेडा
टिळक आळीतलं जन्मस्थान विसरलात. 23 जुलै 1856, रत्नागिरी. काही जण दापोली तालुक्यातलं चिखली म्हणतात, पण ते मूळ गाव.

रुळावरचा
रात्री निघायच्या आधी गाडी कुठवर आली ते ऑनलाइन बघा. कणकवली सोडल्याचं दिसलं की जेवण उरकून निघा, स्टेशनवर तासभर डास मारत बसण्यापेक्षा बरं.

मनमौजी
लॉजवाला बॅगा ठेवायला तयार आहे. रिक्षावालाही ठरला, साडेतीनला येतो म्हणाला, रात्री स्टेशनलाही तोच सोडेल. मंदिर, जेवण, भाट्ये, वर बाक. हिला वाचून दाखवलं, चारच गोष्टी आहेत म्हणून मंजूर. बर्थ साइड अपर आणि मिडल आहेत, कुणी गाडीत लोअर बदलून देतं का?

रुळावरचा
टीसी आला की सगळ्यात आधी त्यालाच विचारा, गुडघा सांगा. रिकामा असेल तर देतो. बरोबरच्या प्रवाशांना विचाराल तर एकटा तरुण शोधा, कुटुंबवाले हलत नाहीत.