पैसे भरा आणि खेळात फसवा: मुलांच्या लेखनासाठी असा निधी उभारावा का?

ब्रुकलिनवासी:
अमेरिकेत '८२६' ही संस्था सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना फुकट लिहायला शिकवते. लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिव्हे कॅलेगारी यांनी २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ८२६, व्हॅलेन्सिया स्ट्रीट या पत्त्यावर ती सुरू केली. जागा नियमाने दुकानासाठी राखीव, म्हणून पुढे समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि मागे शिकवणी. आमच्या ब्रुकलिनच्या शाखेने सुपरहिरोंच्या सामानाचं दुकान काढलं. तिथे पुस्तकांचं एक कपाट दारासारखं उघडतं आणि मुलं त्यातून वर्गात शिरतात.

पैसे उभे करायला यांनी 'फसवणाऱ्यांचं स्क्रॅबल' (स्क्रॅबल म्हणजे सुटी अक्षरं पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ) आणि 'फसवणाऱ्यांची स्पेलिंग स्पर्धा' असे खेळ घेतले आहेत. मोठी माणसं संघ करतात, ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या जमवतात आणि जेवढी रक्कम जास्त, तेवढ्या लबाड्या करायची मुभा. नकोसं अक्षर बदलून घ्या, शब्दकोश उघडून बघा, नसलेला शब्द अर्थासकट रचून पटावर लावा. मला ही कल्पना मनापासून आवडते. आपल्याकडच्या संस्थांनीही असं करावं. तुम्हाला काय वाटतं?

एडिसनची आई:
मला अजिबात पटलं नाही. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहतो. माझी मुलगी रोज शाळेतून आली की शब्दांच्या याद्या घेऊन बसते. मूळ ग्रीक की लॅटिन ते ओळखायचं, मग स्पेलिंग. १९८५ मध्ये बालू नटराजन अमेरिकेतली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा जिंकला तेव्हापासून भारतीय घरांतली मुलं या स्पर्धेसाठी घाम गाळत आहेत. २०१९ ला आठ जण एकत्र विजेते ठरले, त्यांत सात आपले. त्या मुलांसमोर 'पैसे दिलेत तर चुकलं तरी चालेल' असं मोठ्यांनी दाखवायचं? याला रडीचा डाव म्हणतात. आणि निधीच हवा असेल तर नॉर्थ साउथ फाउंडेशन बघा. १९८९ पासून भारतातल्या गरजू मुलांना शिष्यवृत्त्या देतात आणि इथल्या मुलांच्या स्पर्धा अगदी चोख घेतात. तिथे कुणाला सूट नाही.

ब्रुकलिनवासी:
ताई, तुमच्या लेकीच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. पण तिची स्पर्धा ही स्पर्धा आहे, आणि हा खेळ मोठ्यांचा. सगळ्यांना आधीच माहीत असतं की फसवाफसवी होणार, ती उघड होते आणि तिचा दर ठरलेला असतो. मग फसला कोण? गल्लीत लगोरी खेळताना लहानग्याला आपण कच्चं लिंबू करून घेतो, तो आउट होत नाही. त्यामुळे खेळ खोटा होत नाही, एक गडी वाढतो. इथेही ज्याचं स्पेलिंग यथातथाच, तो माणूस निर्धास्तपणे येतो.

ताळेबंद:
मी ट्रस्टांचे हिशेब बघतो, तेव्हा पैशाचं बोलतो. मोठ्या अनुदानाला बहुतेक वेळा अट असते: अमुक वर्गासाठी, अमुक पुस्तकासाठी. भाडं, वीजबिल आणि समन्वयकाचा पगार त्यातून भागवता येत नाही. खेळातून येणारा पैसा बिनअटीचा, म्हणून संस्थेला तो फार मोलाचा. शिवाय प्रत्येक संघ आपापल्या पंधरा-वीस माणसांना लिहितो आणि संस्थेला नवे देणगीदार मिळतात. मात्र हॉल, जेवण, बक्षिसं यांचा खर्च आधी मांडा. त्यातच अर्धी रक्कम जाणार असेल तर सरळ देणगी मागितलेली बरी. अमेरिकेत तर देणगीच्या बदल्यात जेवण वगैरे मिळालं तर तेवढ्या किमतीवर करसवलत नाही, आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर गेली की संस्थेने ते लेखी कळवावं लागतं.

एडिसनची आई:
हिशेब मान्य. पण मग कच्च्या लिंबाचं उदाहरण उलटं पडतं. कच्चं लिंबू दुबळ्याला करतात. इथे ज्याच्या ओळखी श्रीमंत, त्यालाच सूट. ज्याच्या मित्रांकडे द्यायला पैसे नाहीत तो नियमाने खेळणार आणि हरणार. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला हे शोभतं का?

मराठीचे सर:
ताईंचा हा मुद्दा वजनदार आहे. सूट रकमेवर न देता देणगीदारांच्या संख्येवर द्यावी. दहा रुपयांच्या शंभर पावत्या फाडणारा संघ एका हजाराच्या चेकपेक्षा वरचढ ठरला पाहिजे. बाकी कल्पनेच्या मी बाजूने आहे, आणि कारण वर्गातलं आहे. आठवीच्या मुलाला निबंध लिहायला सांगितला की तो पहिल्या ओळीतच अडतो: 'सर, वेलांटी पहिली की दुसरी?' पुढचं सगळं मनात असतं आणि कागद कोरा राहतो. आम्ही तांबड्या शाईने ही भीती पोसली आहे. नसलेला शब्द रचून त्याचा अर्थ ठासून सांगणारी मोठी माणसं अशा मुलांनी बघावीत असं मला फार वाटतं. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात बघू.

एडिसनची आई:
सर, दुसरा खर्डा करून घेणारे शिक्षक किती शाळांत आहेत? पावत्यांची संख्या मोजणार असाल तर मी वर्गणी देईन. स्पेलिंगच्या स्पर्धेला मात्र नाही. धावायला लावा, तीन पायांची शर्यत घ्या, लिंबू-चमचा घ्या आणि त्यात हवं तेवढं फसवा.

ब्रुकलिनवासी:
लिंबू-चमच्यात चमच्याला लिंबू चिकटवायची परवानगी केवढ्याला ठेवायची, सर?

मराठीचे सर:
पंचवीस पावत्या. चिकटपट्टी संघाने स्वतःची आणायची.